पिंपळाचं जाळीदार पान आणि लॅबमधलं हृदय

यंदा चवथीला रात्रीच्या आरत्या झाल्या, घुमट (आरतीला वाजवायची मातीची वाद्यं) खाली ठेवले आणि पंचखाद्य खात बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, 'स्टेम सेलपासून लॅबमध्ये किडनी तयार, आता डायलिसिस कायमचं बंद'. खाली दुधी रंगाच्या एका गोळ्याचा फोटो. काका गेली चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, दर वेळी चार तास मशीनवर. त्यामुळे त्यांनी "खरं काय रे हें?" असं विचारल्यावर नुसतं फेक आहे म्हणून मोकळं होणं मला जमलं नाही. कारण ते पूर्ण फेक नाहीच. गोळा खरा आहे, बातमी खोटी आहे, आणि या दोन्हींच्या मधलं जे आहे ते मला फार आवडतं म्हणून इथे लिहितोय.

आधी गोळ्याचं सांगतो. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एकाच पेशीपासून आलेली, पुढे कोणी त्वचा झाली, कोणी स्नायू. एकदा झाली की परत फिरत नाही असंच बरीच वर्षं मानायचे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये फक्त चार जीन घालून त्यांना मागे फिरवलं, पार गर्भातल्या मूलपेशींसारखं (म्हणजेच स्टेम सेलसारखं) केलं. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. या मूलपेशींना योग्य वेळी योग्य रसायनं दिली की त्या आपापल्या जागा धरतात, थर लावतात, नळ्या बनवतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल यांच्या गटाने असाच किडनीचा गोळा वाढवला, त्यात रक्त गाळणाऱ्या नेफ्रॉनसारख्या रचना होत्या. याला ऑर्गनॉइड म्हणतात. काकांच्या मोबाईलवरचा फोटो तोच, किंवा त्याचाच भाऊ.

पण हा गोळा काही मिलीमीटरच्या पुढे गेला की आतून मरायला लागतो. पेशीला ऑक्सिजन लागतो आणि ऑक्सिजन नुसता झिरपत झिरपत फार तर १०० ते २०० मायक्रॉन जातो, म्हणजे आपल्या डोक्याचे एकदोन केस शेजारी ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढंच. म्हणून शरीरात जवळजवळ प्रत्येक पेशीपासून तेवढ्या अंतरात एक केशवाहिनी असतेच. किडनीची तर गोष्टच वेगळी, हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे मिळून जातो आणि एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन. पेशी आता बनवता येतात हो, अडलंय ते नळ टाकण्याचं काम.

लहानपणी आम्ही पिंपळाचं पान डब्यातल्या पाण्यात टाकून ठेवायचो. तीनचार आठवडे. वास असा सुटायचा की आई डबा परसात नेऊन ठेवायला लावायची. मग पान हळूच बाहेर काढायचं, जुन्या टूथब्रशने हिरवा लगदा झाडायचा, नळाखाली धरायचं, आणि हातात राहायची नुसती जाळी. मधली जाड शीर, तिच्या फांद्या, त्यांच्या फांद्या, आणि शेवटी इतक्या बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाहीत. लगदा गेला तरी पानाचा आकार जसाच्या तसा, टोकासकट. वहीत ठेवलेलं ते पान अजून माझ्याकडे आहे.

अवयवाबरोबर नेमकं हेच करता येईल का? अमेरिकेत डॉरिस टेलर आणि हाराल्ड ओट यांच्या गटाने ते उंदराच्या जातीतल्या रॅटच्या हृदयावर केलं, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मेलेल्या रॅटचं हृदय काढून महाधमनीला नळी जोडून टांगलं आणि त्या नळीतून साबणाचं पाणी सोडलं. साबण म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, शॅम्पूच्या बाटलीवर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं असतं ना, तेच. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरीकडे बारा कार्बनची तेलकट शेपटी. पेशीचं आवरण चरबीच्या दोन थरांचं, ही शेपटी त्यात घुसते, आवरणाचे तुकडे होतात, ते तुकडे बारीक थेंबांत गुंडाळले जाऊन पाण्याबरोबर वाहून जातात, आतली प्रथिनंही उलगडून सुटतात. पण पेशींच्या बाहेरचं कोलॅजन, म्हणजे अवयवाचा सांगाडा धरणारं प्रथिन, सुटत नाही, कारण त्याचे तीन धागे काथ्याच्या दोरीसारखे एकमेकांत पिळलेले आणि दोरी दोरीला रासायनिक गाठींनी बांधलेली. आणि गंमत ही की साबणाचं पाणी हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांमधूनच जातं, त्यामुळे जिथे रक्त पोचायचं तिथे प्रत्येक कोपऱ्यात तेही पोचतं. साधारण बारा तासांनी लाल हृदय दुधी, आरपार दिसणारं होतं. झडपा, चार कप्पे, वाहिन्यांची जाळी सगळं जागेवर, पेशी मात्र एकही जिवंत नाही.

मग त्यात नवजात रॅटच्या हृदयपेशी सोडल्या. चौथ्या दिवशी ते आकसायला लागलं. आठव्या दिवशी थोडं पंपही केलं, पूर्ण वाढलेल्या हृदयाच्या साधारण २ टक्के. दोनच टक्के, पण टांगलेल्या पांढऱ्या जाळीतून धडधड सुरू झाली हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. २०१३ मध्ये ओट यांच्याच गटाने रॅटची किडनी अशीच धुऊन परत पेरली, तिने थोडी लघवी तयार केली. आणि २०१७ मध्ये अमेरिकेतच वूस्टर इथे काहींनी चक्क पालकाचं पान घेतलं, देठातून साबण सोडून हिरवेपणा धुतला, त्यावर माणसाच्या मूलपेशींपासून केलेल्या हृदयपेशी लावल्या, आणि त्या तीन आठवड्यांपर्यंत आकुंचन पावत राहिल्या. पिंपळ नाही तर पालक!

माणसापर्यंत हे आलं नाही कारण जाळी मिळाली तरी प्रत्येक वाहिनीला आतून पेशींचं अस्तर लागतं. उघडं कोलॅजन म्हणजे रक्ताच्या दृष्टीने जखम, प्लेटलेट्स लगेच चिकटतात आणि गुठळी होते. केशवाहिन्यांत शेवटपर्यंत अखंड अस्तर घालायचं, वर माणसाच्या हृदयाला अब्जावधी स्नायूपेशी हव्यात, आणि मूलपेशींपासून केलेल्या स्नायूपेशी गर्भातल्या बाळासारख्या कच्च्या राहतात.

म्हणूनच जे यशस्वी झालंय ते बघा. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये चुन्याने किंवा अ‍ॅसिडने भाजलेल्या डोळ्यांवर मूलपेशी लावून दृष्टी परत आणण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे, पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात, तो ऑक्सिजन हवेतून घेतो. जर्मनीत एका मुलाला मूलपेशींपासून वाढवलेली जवळपास ८० टक्के त्वचा नवीन मिळाली, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, ती पातळ चादर. २०२५ मध्ये मूलपेशींपासून केलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी टाइप १ डायबिटिसच्या १२ पेशंटना पूर्ण डोसमध्ये दिल्या, वर्षाने १० जणांना इन्सुलिनची गरज उरली नव्हती, पण ते इवलेसे पुंजके लिव्हरमध्ये सोडले होते, नळ लिव्हरचेच वापरले.

आणि हे जे 'स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, किडनी नवी होईल' म्हणून लाखांत पैसे मागतात ना, त्यांच्याकडे कृपा करून जाऊ नका. इंजेक्शनमधून अवयवाची जाळी येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की रक्ताच्या काही आजारांसाठी रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच करायचं, आणि त्याचे पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. काकांनाही असा एक फोन येऊन गेला होता, माझा जीव वरखाली झाला ऐकून.

काकांना मी हे सगळं सांगितलं, घरून पिंपळाचं पान आणून दाखवलं. त्यांनी ते माटोळीखालच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखालच्या) बल्बसमोर धरून बराच वेळ बघितलं. मग मोबाईलमधल्या त्या गोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि ह्याची लघवी खंय वता?"

कुठेच जात नाही, काका. नेफ्रॉन आहेत, पण ते सगळे एकत्र येऊन बाहेर पडतील अशी नळी अजून त्याला नाही.