गोखले इन्स्टिट्यूट गोखल्यांनी काढली?

नाही. स्पर्धा परीक्षांच्या वह्यांत हे वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातं, अगदी साताऱ्यातसुद्धा! नामदार गोखले 1915 साली गेले, पुण्यातली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली 1930 मध्ये. गोखल्यांनी 1905 मध्ये काढली ती भारत सेवक समाज. गोंधळ इथूनच होतो, कारण संस्था याच समाजाच्या छत्राखाली उभी राहिली.

पैसा मात्र साताऱ्याचा. रावबहादूर आर. आर. काळे यांनी दिलेल्या देणगीतून ती सुरू झाली. त्यांच्या नावाने काळे स्मृती व्याख्यान होतं; 1939 चं डॉ. आंबेडकरांनी दिलं, विषय संघराज्याचा.

पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांचा भर प्रत्यक्ष पाहणीवर. वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशेबाची त्यांनी केलेली पाहणी 1940 मध्ये छापून आली: शेतकऱ्याच्या हाती नेमकं उरतं काय, हा प्रश्न. (आजही तोच आहे म्हणा.) हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते, आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं ‘गाडगीळ सूत्र’ 1969 मध्ये त्यांच्याच नावाने रूढ झालं.