आरोग्याचे टेलिफोन सर्व्हे आणि त्यातल्या प्रश्नांवरची सरकारी देखरेख (अमेरिका)

अमेरिकेत सरकार लोकांना फोन करून तब्येतीचे प्रश्न विचारतं, म्हणजे सिगरेट ओढता का, बाळाला गोवराची लस दिली का, गेल्या ३० दिवसांत किती दिवस तब्येत बरी नव्हती वगैरे. पण असा प्रश्न फोनवर जाण्याआधी त्याची तपासणी होते आणि त्यातली बरीचशी कायद्याने बंधनकारक आहे. एक तपासणी कागदोपत्री, म्हणजे हा सर्व्हे करायची गरज आहे का आणि लोकांचा किती वेळ जाणार याची. दुसरी खुद्द प्रश्नाची, म्हणजे विचारणाऱ्याच्या मनात जे आहे तेच ऐकणाऱ्याला कळतंय का याची. आपल्याकडे किराणा दुकानातला तराजू ठराविक मुदतीनंतर तपासून त्यावर वजनमाप खात्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो, तसंच हे, कारण सर्व्हेत प्रश्न हाच तराजू असतो आणि तो एकीकडे झुकलेला असेल तर पुढची सगळी टक्केवारी तेवढीच झुकलेली येते.

कुठले सर्व्हे

यातला सगळ्यात मोठा म्हणजे बिहेवियरल रिस्क फॅक्टर सर्व्हेलन्स सिस्टीम, सगळे बीआरएफएसएस म्हणतात. सीडीसी या रोगनियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेने तो १९८४ मध्ये १५ राज्यांत सुरू केला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो देशभर पोचला. आता वर्षाला ४ लाखांच्या वर प्रौढ लोकांच्या मुलाखती होतात, आणि अखंड चालणाऱ्या आरोग्य सर्व्हेंमध्ये हा जगातला सगळ्यात मोठा धरला जातो. फोन सीडीसी करत नाही, राज्यांची आरोग्य खाती करतात, स्वतः किंवा एखाद्या विद्यापीठाला नाहीतर कंपनीला काम देऊन, आणि पैसे व मार्गदर्शन सीडीसीचं असतं. मुलाखत घेणारा सुरुवातीलाच सांगतो की आडनाव, पत्ता असं ओळख पटेल ते काही विचारणार नाही, नको त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका आणि वाटेल तेव्हा थांबा.

दुसरा नॅशनल इम्युनायझेशन सर्व्हे, १९९४ पासूनचा, १९८९ ते ९१ च्या गोवराच्या साथीनंतर आलेला. यात १९ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या लसींबद्दल पालकांना फोनवर विचारतात आणि मग पालकांच्या परवानगीने डॉक्टरकडे पत्र पाठवून नोंदी मागवतात, कारण बाळाला कुठली लस कितव्यांदा दिली हे आईबापांना नीट आठवेलच असं नाही. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते, माणसाच्या आठवणीवर किती भार टाकायचा ते आधीच ओळखून सर्व्हे रचलाय.

परवानगी कशी मिळते

मूळ कायदा पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्ट, १९८० चा, जिमी कार्टर यांच्या सहीचा, १९९५ मध्ये दुरुस्त झालेला. त्याच्याही आधी १९४२ चा फेडरल रिपोर्ट्स अ‍ॅक्ट होता, म्हणजे सरकारी फॉर्मांनी लोक वैतागतात ही तक्रार जुनीच आहे. नियम असा की कुठल्याही केंद्रीय खात्याला १० किंवा जास्त लोकांना तेच ते प्रश्न विचारायचे असतील तर ओएमबीची, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या बजेट खात्याची, परवानगी लागते. प्रत्यक्ष काम तिथला ओआयआरए नावाचा छोटा विभाग बघतो.

आधी खातं फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे त्यांच्या राजपत्रात, नोटीस छापतं आणि ६० दिवस कोणीही त्यावर लेखी मत देऊ शकतं, मग आलेली मतं वाचून सुधारणा करून अर्ज ओएमबीकडे जातो आणि परत एक ३० दिवसांची नोटीस निघते, आणि अर्ज पोचल्यापासून ओएमबीला निर्णयासाठी ६० दिवस असतात. नोटिशीत लोकांना विचारलेलं असतं की ही माहिती खरंच लागते का, वेळेचा अंदाज बरोबर आहे का, प्रश्न अजून स्पष्ट कसे करता येतील, लोकांचा त्रास कमी कसा होईल. त्रासाला त्यांच्याकडे ‘बर्डन’ म्हणतात आणि तो चक्क तासांत मोजतात, म्हणजे एका मुलाखतीची मिनिटं गुणिले माणसं. नुसता फोन उचलून ‘नको’ म्हणणाऱ्याची मिनिटंसुद्धा बऱ्याच अर्जांत वेगळी धरलेली दिसतात.

मंजुरी जास्तीत जास्त ३ वर्षांची असते आणि सोबत एक कंट्रोल नंबर मिळतो. कायद्यात लिहिलंय की चालू कंट्रोल नंबर दाखवला नसेल तर माहिती दिली नाही म्हणून कोणालाही शिक्षा करता येत नाही. आरोग्याचे हे फोन सर्व्हे तसेही ऐच्छिक आहेत, पण नागरिकाच्या हातात कायद्याने असं काही ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं.

अर्जाचे दोन भाग असतात, पहिल्यात गरज, खर्च, गोपनीयता आणि दुसऱ्यात नमुना, म्हणजे कोणाकोणाला विचारायचं ते, कसा निवडणार, प्रतिसाद कसा वाढवणार, आणि प्रश्नांची चाचणी कशी केली किंवा करणार. म्हणजे प्रश्न तपासला का हे परवानगी देणारा विचारतोच. २००६ च्या ओएमबीच्या सर्व्हे मानकांतही सर्व्हेचे सगळे भाग आधी चालवून बघा असं आहे, आणि २०१६ मध्ये खास कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यूसाठी वेगळी मानकं आली.

प्रश्न तपासतात कसा

कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणजे एकेका माणसाला बसवून प्रश्न विचारायचा आणि उत्तर आल्यावर सोडून द्यायचं नाही, हे उत्तर कसं काढलंत, ‘तब्येत बरी नव्हती’ म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं, ३० दिवस कुठून मोजलेत, असं खोदून विचारायचं, किंवा आधीच सांगायचं की मनात येईल ते मोठ्याने बोलत उत्तर द्या. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ आणि सर्व्हेवाले अमेरिकेत एका परिसंवादात एकत्र बसले तिथून या विचाराला जोर आला, आणि मग सीडीसीच्याच एनसीएचएस या आकडेवारी केंद्रात, मेरीलँडमधल्या हायट्सव्हिलला, प्रश्नांसाठी प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या चाचण्यांचे अहवाल क्यू-बँक नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवलेत आणि ते कोणालाही वाचता येतात.

इथे कायद्याची एक गंमतशीर गाठ पडते. १० माणसांना विचारलं की परवानगी लागते, मग प्रश्न तपासायलाही तेच कलम लागू होतं, त्यामुळे घाईत ९ जणांवरच चाचणी उरकायची पद्धत पडली. ९ जणांत एकाच शहरातले, एकाच शिक्षणाचे लोक आले तर काय कळणार? यावर उपाय म्हणजे जेनेरिक क्लिअरन्स, अशा छोट्या चाचण्यांसाठी एकच मोठी छत्री मंजुरी काढून ठेवायची आणि प्रत्येक चाचणी तिच्याखाली लवकर मंजूर करून घ्यायची. एनसीएचएसच्या प्रयोगशाळेकडे अशी मंजुरी असते, म्हणून तिथे ९ च्या पुढे जाऊन वेगवेगळ्या थरांतले लोक घेता येतात.

बीआरएफएसएसमध्ये कोणी नवा प्रश्न सुचवला की कॉग्निटिव्ह चाचणी आणि मग फील्ड टेस्ट, म्हणजे खऱ्या फोनवर थोड्या लोकांना विचारून बघणं, हे दोन्ही झाल्याशिवाय तो घेत नाहीत, आणि मुख्य प्रश्नावलीवर राज्यांचे समन्वयक मत देतात. यात एक भोक मात्र आहे. प्रश्नावलीत सगळ्यांना सारखे असे कोर प्रश्न असतात, मग हवे ते घ्या असे मॉड्यूल, आणि शेवटी राज्यांनी स्वतः घातलेले प्रश्न, आणि हे शेवटचे सीडीसी तपासत नाही. तेव्हा एखाद्या राज्याचा आकडा वाचताना तो यातल्या कुठल्या भागातला आहे ते आधी बघावं.

तपासलेल्या प्रश्नांची शब्दरचना वाचली की त्यामागची मेहनत दिसते. ‘तुम्हाला डायबेटिस आहे का’ असं विचारत नाहीत, डॉक्टर, नर्स किंवा दुसऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने कधी तसं सांगितलंय का असं विचारतात, आणि बाईने हो म्हटलं तर फक्त गरोदरपणात होता का हेही. ‘सिगरेट ओढता का’ च्या आधी आयुष्यात किमान १०० सिगरेटी ओढल्यात का हा प्रश्न येतो, म्हणजे ५ पाकिटं, कारण कॉलेजात दोनदा ओढून सोडलेला माणूस आणि रोजचा ओढणारा यांची गल्लत होऊ नये. दारूच्या प्रश्नात एक ड्रिंक म्हणजे किती ते आधी वाचून दाखवतात.

प्रश्न बदलला की आकडा बदलतो याचं दारूचंच उदाहरण घ्या. एका वेळी खूप पिणं म्हणजे पूर्वी सगळ्यांसाठी ५ ड्रिंक होतं, २००६ पासून बायकांसाठी ४ केलं. आता हे माहीत नसलेला माणूस २००५ आणि २००६ चे आकडे शेजारी ठेवेल आणि एका वर्षात बायका जास्त प्यायला लागल्या अशी बातमी करेल. २०११ मध्ये तर मोबाइलवरच्या मुलाखती धरल्या आणि कोणाचं उत्तर हिशेबात किती धरायचं, म्हणजे वजन देण्याची, पद्धतही बदलली, म्हणून सीडीसीच सांगते की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची थेट तुलना करू नका.

फोनच्या अडचणी

लँडलाइन संपत आल्या. २०१६ च्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त घरांत फक्त मोबाइल उरला होता, आणि लसीकरणाचा सर्व्हे २०१८ पासून पूर्ण मोबाइलवर गेला. १९९१ च्या एका कायद्यामुळे मोबाइलवर परवानगीशिवाय मशीनने आपोआप नंबर लावायला बंदी, त्यामुळे माणसाने हाताने नंबर लावायचा, म्हणजे खर्च वाढला. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत हे वेगळं. ओएमबीच्या मानकांप्रमाणे प्रतिसाद ८० टक्क्यांच्या खाली गेला तर न बोललेल्या लोकांमुळे किती फरक पडला त्याचा अभ्यास करावा लागतो, आणि बीआरएफएसएसचा प्रतिसाद हल्ली निम्म्याच्याही खाली असतो. प्रश्न कितीही घासूनपुसून घेतला तरी फोन न उचलणाऱ्यापर्यंत तो पोचतच नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. सीडीसी प्रश्नावली इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये देते. मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेलेल्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या मराठी आजीने फोन उचलला तर मुलाखत तिथेच थांबणार, आणि तिचा बीपी, तिचे गुडघे, तिचं एकटेपण कुठल्याच आकड्यात येणार नाही.

महाराष्ट्राशी संबंध

भारतात पेपरवर्क कायद्यासारखी दोन नोटिशींची व्यवस्था नाही, आणि आपले मोठे आरोग्य सर्व्हे घरी जाऊन होतात. १९९२-९३ पासून चाललेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम मुंबईत देवनारची आयआयपीएस ही संस्था बघत आलीय. पण प्रश्नाच्या शब्दांची कसोटी इथेही तीच. तंबाखूचा जागतिक सर्व्हे गॅट्स, ज्याच्यामागे डब्ल्यूएचओ आणि तीच सीडीसी आहे, तो भारतात २००९-१० मध्ये आयआयपीएसने आणि २०१६-१७ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने केला, दोन्ही देवनारच्याच. त्यात ‘तंबाखू खाता का’ एवढ्यावर न थांबता खैनी, गुटखा, पान, मशेरी असं वेगवेगळं विचारलंय. आपल्याकडे मशेरी लावणारी बाई ‘तंबाखू खाता का’ ला सरळ नाही म्हणेल आणि खोटंही बोलत नसेल, कारण तिच्या लेखी मशेरी दात घासायची. मशेरीचं नाव घेऊन विचारलं की तीच बाई हो म्हणते.