मक्याच्या दाण्यांवर घर तापवणे : खर्चाची तुलना

अमेरिकेच्या मकापट्ट्यात, म्हणजे आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा या भागांत, हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी काहीजण मक्याचे वाळलेले दाणे जाळतात. आपल्याकडे दाणे सोलून उरलेली कणसे चुलीत जातात. तिथे शेगडीत जातो तो दाणाच. धान्य जाळणे आपल्या मनाला पटत नाही, पण महामंदीत, १९३२ च्या सुमारास, तिथल्या मक्याला कोळशाइतकीही किंमत उरली नव्हती आणि शेतकऱ्यांनी तो बंबात घातला होता. यांत्रिक शेगड्या पुष्कळ नंतर आल्या.

मका तिथे बुशेलने विकतात. एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, सुमारे २५.४ किलो. १५ टक्के ओलाव्याच्या एवढ्या मक्यात साधारण ११५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते. शेगडीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर त्यातली ८६ युनिट घराला मिळतात. गॅसची वाहिनी नसलेल्या घरांत टाकीत साठवून वापरतात त्या प्रोपेन वायूच्या एका गॅलनमधून (सुमारे ३.८ लिटर) चांगल्या भट्टीत सुमारे २४ युनिट मिळतात. म्हणजे एक बुशेल मका साडेतीन गॅलन प्रोपेनच्या तोडीचा. प्रोपेन २ डॉलर गॅलन असेल, तर मका बुशेलला ७ डॉलरच्या आत असेपर्यंतच परवडतो.

उपयोगी पडणाऱ्या १०० युनिटांचा खर्च काढला, की चित्र स्पष्ट होते. मका २ डॉलर बुशेल असताना हा खर्च सुमारे २.३० डॉलर येतो, ४ डॉलर असताना ४.६५. प्रोपेनचा (२ डॉलर गॅलन) ८.३०, साध्या विजेच्या हीटरचा (१२ सेंट युनिट धरल्यास) १२. नळाने येणारा नैसर्गिक वायू १ डॉलर थर्म (वायू मोजण्याचे माप, सुमारे २९ युनिट उष्णता) दराने ३.८० मध्ये पडतो, आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचून विजेच्या तिप्पट उष्णता देणारा हीट पंप ४ डॉलरमध्ये. म्हणून मक्याची खरी स्पर्धा प्रोपेनशी आहे. ज्याच्या दारात गॅसची वाहिनी पोहोचली आहे, त्याने या फंदात सहसा पडू नये.

२००५ साली मका २ डॉलरच्या आसपास होता आणि कटरिना वादळानंतर गॅसचे भाव भडकले, तेव्हा या शेगड्यांना मोठी मागणी आली. पण त्याच वर्षीच्या ऊर्जा कायद्याने इंधनात इथेनॉल (तिथे मुख्यतः मक्यापासून बनणारे अल्कोहोल) मिसळणे बंधनकारक केले, आणि मक्याची मागणी वाढली. २०१२ च्या दुष्काळानंतर मका सरासरी ७ डॉलरच्या घरात गेला आणि हिशेब फिरला.

हिशेबात न धरलेले कष्टही आहेत. दाणे ओले असतील तर शेगडी धुमसते. मक्यातल्या पोटॅशमुळे राख वितळून तिचे खडे होतात; ते रोज काढावे लागतात, खडे कमी व्हावेत म्हणून काहीजण दाण्यांत शिंपल्यांचा चुरा मिसळतात. धूर धातूला खातो, त्यामुळे धुरांडे खास लागते. दाणे ढकलणारा स्क्रू विजेवर चालतो, म्हणजे हिमवादळात वीज गेली की शेगडीही थंड. आणि साठवलेल्या पोत्यांना उंदीर लागतात ते वेगळेच. स्वतःच्या शेतातला, तुकडे-भुसा मिसळल्याने बाजारात भाव न मिळणारा मका ज्याच्याकडे आहे, त्याला मात्र हे सगळे परवडते.