आयव्हीएफ की इक्सी? बाळाच्या मेंदूची काळजी करण्याआधी एवढं विचारा

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या वंध्यत्व केंद्रांत खर्चाचा अंदाज देतात, त्या कागदावर अनेकदा ‘आयव्हीएफ/इक्सी’ असं एका दमात लिहिलेलं असतं. दोन्ही ‘टेस्ट ट्यूब बेबी’च्याच पद्धती, म्हणून चंद्रपूर, गोंदिया, बालाघाटहून आलेली जोडपी मग दोन्ही एकच धरून चालतात. घरी एखादी आत्या हळूच विचारते, “टेस्ट ट्यूबचं पोरगं डोक्यानं बरं राहते नं बापा?” प्रश्न रास्त आहे. पण आत्या, कोणतं टेस्ट ट्यूब?

इंजेक्शनं, स्त्रीबीजं काढणं, तीन किंवा पाच दिवसांनी भ्रूण गर्भाशयात सोडणं, हे सगळं दोन्हींत सारखंच. फरक आहे तो लॅबमधल्या एका दुपारचा. साध्या आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज एका बशीत ठेवतात आणि त्याभोवती पन्नास हजार ते लाखभर शुक्राणू सोडतात. आत कोण शिरणार हे त्यांचं ते ठरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोल केंद्रकं दिसली की फलन झालं. इक्सीत ही शर्यतच नसते. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी सोलून काढतात, दाट द्रवात शुक्राणूंचा वेग कमी करतात, एकाची शेपटी काचेच्या सुईखाली दाबून त्याला स्थिर करतात आणि त्याच सुईनं थेट स्त्रीबीजात सोडतात. निवड करतो तो लॅबमधला माणूस, नजरेनं. आयव्हीएफचं पहिलं बाळ १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलं. इक्सी ब्रुसेल्समध्ये विकसित झाली आणि तिची पहिली बाळं १९९२ ची. ती मुळात आली ज्यांचे शुक्राणू फार कमी किंवा अशक्त असतात अशा पुरुषांसाठी.

आता मेंदूकडे. या बाबतीत सगळ्यांत भक्कम आकडे स्वीडनचे आहेत, कारण तिथे प्रत्येक जन्माची आणि नंतरच्या निदानांची नोंद जोडलेली असते. १९८२ ते २००७ मध्ये जन्मलेल्या २५ लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३०,९५९ मुलं या उपचारांनी झालेली होती. सगळे उपचार एकत्र धरले तर स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही. बौद्धिक अक्षमतेचा किंचित वाढला होता: वर्षाला लाखामागे ४० च्या जागी ४६. आणि जुळी-तिळी वगळून एकेकट्या बाळांचाच हिशेब केला, तेव्हा तोही फरक उरला नाही.

पण साधं आयव्हीएफ आणि इक्सी वेगळे केले की चित्र बदलतं. ताजं, म्हणजे न गोठवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर झालेल्या बाळांत (हा गट वेगळा, म्हणून वरच्या ४६ शी थेट ताडू नका) साध्या आयव्हीएफनंतर बौद्धिक अक्षमतेचं प्रमाण वर्षाला लाखामागे सुमारे ६१ होतं, तर नेहमीच्या पद्धतीनं घेतलेल्या शुक्राणूंच्या इक्सीनंतर सुमारे ९१. हे ‘दीडपट’ म्हणून सांगितलं की पोटात गोळा येतो. लाखात तीस जास्त म्हटलं की माणूस शांतपणे ऐकतो. आकडे तेच. शस्त्रक्रियेनं अंडकोशातून शुक्राणू काढावे लागले असतील, तर धोका त्याहून जास्त दिसला.

म्हणून दोष सुईचा? इतकं सरळ नाही. इक्सी ज्यांना लागते त्या पुरुषांमध्येच काही आनुवंशिक बिघाड असू शकतात, आणि वडिलांच्या वाढत्या वयाचा स्वमग्नतेशी संबंध तर नैसर्गिक गर्भधारणेतही दिसतो. उपचार आणि उपचाराची गरज ज्यातून आली ते कारण, या दोन गोष्टी नुसत्या आकड्यांवरून सुट्या करणं फार अवघड.

आपल्या विदर्भात इक्सीचं आणखी एक कारण निघतं, ते म्हणजे सिकलसेल, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. नवराबायको दोघेही वाहक असतील तर भ्रूण सोडण्याआधीच त्याची जनुकीय तपासणी करता येते. तिथे सहसा इक्सीच करतात, कारण बशीतले भ्रूणाला चिकटलेले जास्तीचे शुक्राणू तपासणीचा निकाल बिघडवू शकतात. सिकलसेलमुळे लहान मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. त्यामुळे मेंदूच्याच दृष्टीनं पाहिलं तर इथे पारडं इक्सीकडे झुकतं.

मात्र शुक्राणू चांगले असताना ‘होऊनच जाऊ द्या’ म्हणून केलेली इक्सी मला पटत नाही. व्हिएतनाममध्ये पुरुषाचे शुक्राणू ठीक असलेल्या १,०६४ जोडप्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यात इक्सीमुळे बाळ होण्याची शक्यता ठळकपणे वाढली नाही. मग आमच्याकरता का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच कशाला?

आणि खरं सांगायचं तर या दोघांच्या वादात मोठा मुद्दा मागे पडतो. किती भ्रूण सोडले? स्वीडनच्याच २००२ च्या अभ्यासात आयव्हीएफच्या मुलांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा कमी होणं) ३.७ पट आढळली होती. त्यामागे मुख्य कारण होतं जुळी, कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं. २००३ पासून तिथे बहुतेक वेळा एकच भ्रूण सोडायचा नियम झाला, आणि स्वीडनसह उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांत जुळ्यांबरोबर सेरेब्रल पाल्सीही निम्म्याहून खाली आली. आपल्याकडे मात्र “दोन टाका डॉक्टर, एका खर्चात दोन होऊन जातील” असं घरचेच म्हणतात. पैशाची ओढाताण समजते, पण पेटीत महिनाभर ठेवाव्या लागणाऱ्या दोन बाळांचा खर्च त्या हिशेबात कुणी धरत नाही.

बाळ झाल्यावर उपचाराची फाइल फेकू नका. साधं आयव्हीएफ होतं की इक्सी, भ्रूण किती सोडले, ताजे की गोठवलेले, हे डिस्चार्ज कार्डासोबत लावून ठेवा. मान धरायला किंवा बसायला उशीर होतोय असं वाटून बालरोगतज्ज्ञांकडे गेलात, तर ते आधी विचारतील ते जन्माचे आठवडे आणि वजन.