इंग्रजी शैलीविज्ञान

एकच गोष्ट भाषेत अनेक प्रकारे सांगता येते. त्यांतला कोणता प्रकार निवडला गेला आणि त्या निवडीने अर्थात काय फरक पडला, हे भाषाविज्ञानाच्या साधनांनी तपासणाऱ्या अभ्यासशाखेला शैलीविज्ञान म्हणतात. इंग्रजीत ही शाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहरली. कथा-कविता हे तिचे मुख्य क्षेत्र असले, तरी बातमी, जाहिरात, कायद्याचा मसुदा, प्रवचन यांपैकी काहीही तिला वर्ज्य नाही.

निवडीला वाव देण्याच्या बाबतीत इंग्रजीचा शब्दसंग्रह विशेष उदार आहे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडचा दरबार फ्रेंच बोलू लागला, चर्च आणि विद्वानांची भाषा लॅटिन राहिली, शेतकरी-कारागिरांच्या तोंडी मात्र इंग्रजीच टिकली. त्यामुळे जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द थरांनी साठले : ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’ किंवा ‘किंग्ली’, ‘रॉयल’, ‘रीगल’. आई मुलाला विचारते तेव्हा ‘आस्क’ चालते. ‘इंटरॉगेट’ म्हटले की समोर संशयित आरोपी आणि पोलीस उभे राहतात. प्रसंगानुसार भाषेचा औपचारिकपणा कसा बदलतो, हे अमेरिकी भाषावैज्ञानिक मार्टिन जूस यांनी 1961 मध्ये पाच पायऱ्यांत मांडले. एका टोकाला प्रार्थनेसारखी गोठलेली भाषा, दुसऱ्या टोकाला घरातल्या माणसांची अर्ध्या शब्दात उमगणारी.

आधुनिक शैलीविज्ञानाची मुळे इंग्लंडबाहेरची आहेत. भाषावैज्ञानिक सोस्यूरचे जिनिव्हातील शिष्य शार्ल बाली यांनी 1909 मध्ये फ्रेंच शैलीविज्ञानावर ग्रंथ लिहिला. रशियात व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी 1917 मध्ये अपरिचितीकरणाची कल्पना मांडली : सवयीने दिसेनाशी झालेली वस्तू कला पुन्हा दाखवते. प्रागमध्ये यान मुकार्झोव्स्की यांनी 1932 मध्ये त्याला भाषिक रूप दिले. भाषेतील एखादा घटक रूढीपासून हटला, की तो पुढे येतो आणि वाचकाचे लक्ष धरतो. यालाच अग्रभूमीकरण म्हणतात. रोमान याकोब्सन यांनी 1958 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातल्या परिषदेत हा धागा इंग्रजी अभ्यासकांच्या हाती दिला. त्यांनी घेतलेले एक उदाहरण अमेरिकी नेते आयझेनहॉवर ऊर्फ ‘आइक’ यांच्या निवडणूक घोषणेचे होते : ‘आय लाइक आइक’. तिन्ही शब्द एकाक्षरी, तिन्हींत तोच स्वर, आणि नेत्याचे नाव ‘लाइक’च्या पोटात दडलेले. कवितेची युक्ती मतपेटीसाठीही राबते, हे एवढ्याशा घोषणेतून त्यांनी दाखवले.

अग्रभूमीकरण दोन वाटांनी होते. पहिली विचलनाची. डिलन टॉमस यांचा ‘अ ग्रीफ अगो’ हा प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘अगो’च्या आधी आठवडा, वर्ष असे काळाचे माप अपेक्षित असते, तिथे ‘दुःख’ आल्यामुळे दुःखच काळ मोजण्याचे साधन होते. दुसरी वाट समांतरतेची, म्हणजे एकच रचना अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आणण्याची. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ (1852–53) या कादंबरीच्या सुरुवातीला दोन्ही वाटा एकत्र येतात. पहिले वाक्य एका शब्दाचे : ‘लंडन.’ त्यापुढे चिखल, काजळी आणि धुके. ‘फॉग’ हा शब्द वाक्यखंडांच्या आरंभी पुनःपुन्हा येतो, पण पहिल्या तीन परिच्छेदांत मुख्य वाक्यांना पूर्ण क्रियापदच नाही. आहेत ती बहुतांशी ‘-इंग’ प्रत्ययाची रूपे, ज्यांना काळ नाही. धुके सरपटते आहे, लोंबते आहे. ते कधी सुरू झाले, कधी संपेल, हे व्याकरणच सांगू देत नाही. पूर्ण क्रियापदे चौथ्या परिच्छेदात उतरतात, आणि त्याच ओघात धुक्याच्या ऐन मध्यावर चॅन्सरी न्यायालयात बसलेला लॉर्ड हाय चॅन्सेलर दिसतो. वर्षानुवर्षे न संपणाऱ्या खटल्याची ही कादंबरी आहे. खटल्याचे नाव येण्यापूर्वीच त्याची गती वाचकाच्या अंगी भिनलेली असते.

एम. ए. के. हॅलिडे यांनी विल्यम गोल्डिंगच्या ‘द इन्हेरिटर्स’वर 1971 मध्ये लिहिलेला निबंध या शाखेतील सर्वांत गाजलेले विश्लेषण म्हणता येईल. कादंबरीचा बहुतेक भाग लोक नावाच्या निअँडरथल माणसाच्या नजरेतून येतो. समोरचा माणूस धनुष्य ताणून बाण सोडतो. लोकला मात्र एक काठी दोन्ही टोकांनी आखूड होताना आणि पुन्हा लांब होताना दिसते, आणि कानाजवळच्या मेलेल्या झाडाला आवाज फुटतो. ‘त्याने बाण मारला’ या कर्ता-कर्म-क्रियापदाच्या साखळीसाठी लागणारी कार्यकारणाची समजच त्याच्याकडे नाही. अकर्मक क्रियापदे आणि कर्त्याच्या जागी निर्जीव वस्तू किंवा शरीराचे अवयव, ही रचना हॅलिडे यांनी आकड्यांनिशी दाखवली. शेवटी निवेदन नव्या मानवाच्या बाजूला सरकते तशी वाक्ये सकर्मक होत जातात.

यावर स्टॅन्ली फिश यांनी 1973 मध्ये कडक आक्षेप घेतला. व्याकरणाची आकडेवारी आणि तिला चिकटवलेला अर्थ यांच्यात आपोआप जुळणारा दुवा नसतो, तो अर्थ अभ्यासक आधीच मनात धरून येतो, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप खरा आहे. वाक्य अकर्मक आहे म्हणून ते हतबलता सुचवते, असे कुठेही म्हणता येणार नाही. संदर्भाची साक्ष काढावीच लागते. तरीही चर्चा संहितेतील दाखवता येणाऱ्या पुराव्यावर आणणे, हे या पद्धतीचे मोठे काम आहे.

हीच साधने बातमीलाही लागू पडतात. 1975 मध्ये ऱ्होडेशियातील (आजचा झिंबाब्वे) सॉल्झबरी (आजचे हरारे) येथे पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. ‘गार्डियन’च्या मथळ्यात पोलीस कर्त्याच्या जागी होते. ‘टाइम्स’ने कर्मणी रचना वापरून ‘दंगल करणारे कृष्णवर्णीय’ आधी ठेवले आणि पोलिसांना मागे ढकलले. टोनी ट्रू यांच्या या विश्लेषणाने शब्दक्रमातील राजकारण उघड केले.

मोजणीवर भर देणाऱ्या शाखेला शैलीमापन म्हणतात. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ टोपणनावाने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी 12 निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद मॉस्टेलर आणि वॉलेस यांनी 1964 मध्ये किरकोळ शब्दांवरून मॅडिसनच्या बाजूने सोडवला. हॅमिल्टन ‘अपॉन’ सढळ वापरतो, मॅडिसन क्वचितच. एक ‘व्हाइल’ लिहितो, दुसरा ‘व्हाइल्स्ट’. लेखक विषयाचे शब्द जाणीवपूर्वक निवडतो, असे बारीक शब्द मात्र हाताच्या सवयीने पडतात.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’मध्ये वर्णांच्या मांडणीपासून प्रत्यय, वाक्य, प्रकरण आणि संपूर्ण प्रबंधापर्यंत वक्रतेचे, म्हणजे सरळ वाट सोडून केलेल्या अनोख्या उक्तीचे, सहा स्तर सांगितले, ध्वनीपासून संहितेपर्यंत चढत जाणारी शैलीविज्ञानाची मांडणी त्याच्याशी खूपच जुळते. मराठीवर इंग्रजीच्या झालेल्या परिणामाचा समाजभाषावैज्ञानिक आणि शैलीवैज्ञानिक अभ्यास भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजी ग्रंथात केला आहे.