परीक्षेची फी भरण्याआधी हे वाचा

परदेशी विद्यापीठात जायचं ठरलं की इंग्रजीच्या परीक्षेबद्दल पहिला प्रश्न येतो, "आयईएलटीएस देऊ, टोफेल देऊ की पीटीई?" आम्ही प्रत्येकाला आधी एकच काम सांगतो: इंग्रजीची अट शब्द न् शब्द वाचा, आणि तीही तुमच्या अभ्यासक्रमाच्या पानावरची. एकाच विद्यापीठात अभियांत्रिकीला आयईएलटीएसचे 6.5 गुण चालतात आणि कायद्याला 7 लागतात, असं सर्रास दिसतं.

अटीत बहुधा दोन आकडे असतात: एकूण 6.5, आणि कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी नको. हा दुसरा आकडा नजरेतून निसटतो आणि तिथेच घात होतो. समजा ऐकणे 7.5, वाचन 7, बोलणे 6.5 आणि लेखन 5.5. सरासरी 6.625 येते, निकालपत्रावर 6.5 छापलं जातं. घरात पेढे वाटून होतात, पण लेखनापायी अट अपुरीच राहते. परीक्षा संगणकावर दिली असेल आणि केंद्रावर सोय असेल, तर तेवढा एकच विभाग 60 दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. तो निकाल तुमचं विद्यापीठ मानतं का, हे मात्र आधी ईमेलवर विचारून घ्या.

लेखनच का अडतं? 60 मिनिटांत दोन प्रश्न. पहिला किमान 150 शब्दांचा, दुसरा 250 चा, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. मुलं आलेखाच्या वर्णनात अर्धा तास घालवतात आणि निबंध घाईत उरकतात. 20 मिनिटं झाली की पहिला प्रश्न सोडायचा, हे आम्ही सराव चाचणीत घड्याळ समोर ठेवून घोटून घेतो.

पदवीच्या प्रवेशासाठी आयईएलटीएसची 'अकॅडमिक' परीक्षाच निवडा. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा.

निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. ती दोन वर्षं अर्जाच्या तारखेपर्यंत मोजायची की वर्ग सुरू होईपर्यंत, हे विद्यापीठागणिक बदलतं.

शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं असेल, तर काही विद्यापीठं कॉलेजच्या पत्रावर परीक्षा माफ करतात. माफी लेखीच घ्या. फोनवरचं "चालेल" अर्जाला जोडता येत नाही.

सशर्त प्रवेश हातात असताना गुण थोडक्यात हुकले, तर लगेच विद्यापीठाला कळवा. बरीच विद्यापीठं वर्ग सुरू होण्याआधी काही आठवड्यांचा प्री-सेशनल इंग्रजी कोर्स देतात. त्याची नोंदणी लवकर बंद होते, म्हणून पहिली परीक्षा शेवटच्या तारखेच्या निदान तीन महिने आधी द्या.