बारकोड ताणू नका: पार्सलच्या लेबलमागचं विज्ञान

पार्सलवर लेबल चिकटवताना आपलं सगळं लक्ष पत्ता नीट आलाय ना याकडे असतं, पण सॉर्टिंग सेंटरमध्ये बेल्टवरून धावणारा बॉक्स आधी स्कॅनरसमोर जातो, स्कॅनर बारकोड वाचतो आणि बॉक्स कुठल्या लाइनला वळवायचा ते मशीन ठरवतं. बारकोड वाचता नाही आला की बॉक्स बाजूला पडतो, मग कोणीतरी हातात घेऊन बघणार, उशीर झालाच समजा.

१९४९ मध्ये अमेरिकन संशोधक नॉर्मन जोसेफ वुडलंड मायामीच्या बीचवर बसले होते, वाळूत मोर्स कोडचे ठिपके आणि डॅश काढले आणि बोटांनी खाली ओढले, तर बारीक-जाड उभ्या रेषा झाल्या. बारकोड सुचला तो असा. १९५२ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड सिल्व्हर यांना पेटंट मिळालं. आजही पार्सलवरच्या अशा रेषांच्या बारकोडची सगळी माहिती रुंदीतच असते, उंची फक्त स्कॅनरला रेषा सापडायला सोपं जावं म्हणून.

पार्सलवर सर्रास दिसतो तो 'कोड १२८' नावाच्या प्रकारचा बारकोड. त्यात एका अक्षराला ३ काळ्या रेषा आणि ३ फटी, प्रत्येकीची रुंदी १ ते ४ एकक (एकक म्हणजे सगळ्यात बारीक रेषेची रुंदी), सगळी मिळून ११. शेवटच्या खुणेआधी एक चेक कॅरेक्टर म्हणजे चूक पकडणारं अक्षर असतं, आधीच्या अक्षरांच्या आकड्यांचं गणित करून १०३ ने भागल्यावर उरलेल्या बाकीवरून काढलेलं, गणित जुळलं नाही की स्कॅनर तो कोड घेतच नाही.

आता प्रिंटर. लेबलचा नेहमीचा थर्मल (उष्णतेने छापणारा) प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपक्यांचा असतो, म्हणजे १ मिलिमीटरला ८ ठिपके. समजा एक एकक ३ ठिपक्यांचं ठेवलं, तर रेषा ३, ६, ९ किंवा १२ ठिपक्यांच्या, एकदम काटेकोर. आणि मग आपण 'फिट टू पेज' दाबतो, लेबल ९० टक्के होतं आणि ३ चे होतात २.७ ठिपके! अर्धामुर्धा ठिपका छापता येत नाही, त्यामुळे तीच रेषा कुठे ३ ची येते कुठे २ ची, डोळ्याला काही कळत नाही पण बारकोडचं प्रमाण बिघडतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, साइज १०० टक्केच ठेवा, आणि दोन्ही बाजूंना १० एककं जागा कोरी सोडा, तिथे लोगो घुसवू नका.

डायरेक्ट थर्मल प्रिंटरला शाई लागत नाही, कागदाच्या लेपातच रंगद्रव्य आणि आम्लासारखा पदार्थ असतो, उष्णतेने ते वितळून एकत्र आले की काळं होतं. कोऱ्या लेबलवर नख जोरात ओढून बघा, घर्षणाच्या उष्णतेने करडी रेघ उमटेल. म्हणूनच असं लेबल उन्हात किंवा गरम जागी ठेवलं की खराब होतं.

अजून एक गोष्ट, प्रिंटहेडचा, म्हणजे ठिपके छापणाऱ्या पट्टीचा, एखादा ठिपका मेला की कागद सरकतो त्या दिशेने पांढरी रेघ येते. बारकोडच्या रेषा त्याच दिशेने असतील तर एखादी बारीक रेषा वरपासून खालपर्यंत बिघडते, तेच बारकोड शिडीसारखा आडवा असेल तर ती रेघ सगळ्या रेषांना एकेकदा छेदून जाते आणि स्कॅनर तिच्या बाजूने आरामात वाचतो. आडव्यात भरभर छापलं तर कडा थोड्या पसरतात, तेव्हा स्पीड कमी करायचा.